नानांचे १६४ आणि तुमचे ९४

पत्र

डॉक्टर, माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना नाना म्हणतो. निवृत्त शिक्षक, सातारा जिल्ह्यात गावी राहतात, भजनी मंडळात पेटी वाजवतात, रोज मळ्यापर्यंत चालत जातात. गेल्या वर्षी मार्चमध्ये तालुक्याला दाखवलं तेव्हा त्यांचं बीपी १६४/७२ निघालं. रात्री झोपताना घ्यायला एक गोळी मिळाली. एप्रिलच्या शेवटी रात्री लघवीला उठले आणि मोरीच्या दारात चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके पडले. तेव्हापासून ती गोळी बंद आहे. प्रोस्टेटची गोळी मात्र रात्री नेमाने घेतात, आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळीही अधूनमधून चालू असते. मंडळातले सगळे म्हणतात, शंभरात वय मिळवायचं, तेवढं बीपी चालतं. त्या हिशेबाने नानांना १७३ पर्यंत मुभा आहे. परवा मोजलं तर पुन्हा १६२/७०.

मी ४३ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. ऑफिसच्या तपासणीत माझं १३६/९४ आलं. मैत्रिणी म्हणतात, वरचं ठीक आहे, खालचं टेन्शनमुळे असेल. आम्हा दोघांपैकी औषध कोणाला हवं? एकदा सुरू केलं की ते जन्माचं मागे लागतं ना? आणि नानांना समजावू कसं?

उत्तर

ताई, नानांना औषध लागेल असं मला पत्र वाचून वाटतं, पण गेल्या वर्षी सुरू झालं तसं नको. तुमचं अजून ठरायचं आहे. मात्र ‘टेन्शनमुळे’ म्हणून तो ९४ सोडून देऊ नका. नानांचं वरचं चढलंय आणि खालचं उतरलंय. तुमचं वरचं बेताचं आहे आणि खालचं चढलंय. वयाबरोबर बीपी कसं बदलत जातं ते तुमच्या एकाच घरात दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शंभर अधिक वय हा हिशेब मंडळातल्या मंडळींनी काढलेला नाही. एके काळी डॉक्टरच तो सांगत. वय झालं की रक्तवाहिन्या कडक होतात, मग रक्त मेंदूपर्यंत पोचवायला दाब जास्त लागणारच, ती शरीराने केलेली सोय आहे, तिला हात लावू नये, असं तेव्हा मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९३७ मध्ये १६२/९८ होतं. १९४४ च्या मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा १८६/१०८. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मात्र वयाच्या मानाने प्रकृती चांगली आहे असंच बाहेर सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट ‘डोकं भयंकर दुखतंय’ म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता, बीपी ३०० च्या घरात गेलं होतं. वय ६३.

त्या डॉक्टरांच्या हातात देण्यासारखं फारसं काही नव्हतं, हेही खरं. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं हे रुग्णांच्या नोंदींसह ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. (म्हणून आज कोणी सर्पगंधेचं चूर्ण आणून दिलं तर घेऊ नका. त्यातल्या द्रव्याने मन उदास होऊ शकतं आणि मात्रेचा भरवसा नसतो. आता त्याहून कितीतरी सुरक्षित गोळ्या आहेत.)

औषधं आली तरी, फक्त वरचंच बीपी वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती द्यावीत का, हा वाद बरीच वर्षं चालू राहिला. त्याचं उत्तर १९९१ मध्ये ‘शेप’ नावाच्या अमेरिकन अभ्यासाने दिलं. साठीपुढचे ४७३६ लोक त्यात होते. सगळ्यांचं वरचं १६० किंवा जास्त, खालचं ९० च्या आत. सरासरी १७०/७७, म्हणजे थेट नानांच्या जातीचं बीपी. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या साधारण ८ जणांना पक्षाघात झाला, औषधाच्या गटात ५ जणांना. आणखी वयस्कर लोकांचं काय, तर २००८ च्या ‘हायवेट’ अभ्यासात सगळेच ८० च्या पुढचे होते, वरचं १६० च्या पुढचं. तिथेही औषध घेणाऱ्यांमधले मृत्यू सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाले.

शंभरात तीन हा आकडा तुम्हाला लहान वाटेल. नानांना औषध दिलं तर त्यांना त्याचा गुण आला हे कधी दिसणारही नाही, कारण न झालेला पक्षाघात कोणाला दिसत नाही. मी मात्र झालेले पाहिले आहेत. एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. खुर्चीत बसले की आधी उजव्या हाताने डावा हात उचलायचे आणि मांडीवर नीट ठेवायचे, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळून ठेवावी तसा. त्यांच्या पत्नी दर वेळी तेच वाक्य म्हणायच्या, ‘बीपी होतं हो, पण वयाप्रमाणेच होतं.’

आता नानांचं खालचं एवढं कमी का, हे सांगते. ते पेटी वाजवतात म्हणून त्यांना हे तुमच्याआधी समजेल. पेटीचा बाहेरचा भाता आपण हाताने उघडमिट करतो, म्हणजे हवा झटक्याझटक्याने आत जाते. तरी सूर सलग लागतो, कारण आत स्प्रिंगवरचा दुसरा भाता असतो. तो हवा साठवतो आणि सावकाश सोडत राहतो. आपल्या शरीरात हात म्हणजे हृदय आणि आतला भाता म्हणजे महाधमनी, हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. हृदय रक्त फेकतं तेव्हा महाधमनी फुगते, तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. हृदय क्षणभर विसावतं तेव्हा ती मिटत मिटत रक्त पुढे ढकलत राहते, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. पन्नाशी-साठीनंतर या भात्याचा लवचीकपणा कमी होत जातो. तो फुगत नाही म्हणून वरचा आकडा उसळतो, आणि साठवलेलं काही नसतं म्हणून खालचा पडतो. नानांच्या दोन आकड्यांत ९२ चं अंतर आहे. मंडळात कोणी ‘खालचं तर पोरासारखं आहे’ असं म्हणालं असेल, तर तसं नाही. खालचं उतरणं हे त्याच कडकपणाचं दुसरं टोक आहे.

तुमच्या वयात गोष्ट वेगळी. तुमची महाधमनी अजून लवचीक आहे, पण हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या की रक्ताला पुढे सरायला अडचण होते आणि आधी खालचा आकडा चढतो. खालचं साधारण पन्नास-पंचावन्नपर्यंत चढत जातं, मग उतरू लागतं. वरचं मात्र आयुष्यभर चढत राहतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या नोंदी ठेवल्या जातात. त्यावरून दिसलं की पंचावन्नाव्या वर्षी बीपी अगदी ठीक असलेल्यांपैकीही दहातल्या नऊ जणांचं पुढे कधी ना कधी वाढतं. पण अमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नसतंच, आणि त्यांचं बीपी म्हातारपणीही तरुणपणाएवढंच राहतं. म्हणजे बीपी चढणं हे निव्वळ वयाचं काम नाही, त्यात आपल्या ताटाचाही वाटा आहे.

आता नानांच्या पडण्याकडे वळते, कारण सगळं तिथे अडलंय. तुमच्या पत्रात मला चार गोष्टी एकत्र दिसल्या. बीपीची गोळी रात्री. प्रोस्टेटची गोळीही रात्री. प्रोस्टेटच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी काही रक्तवाहिन्या सैल करतात आणि उभं राहिल्यावर बीपी पाडतात. महिना एप्रिलचा, उन्हाळ्यात घामाने शरीरातलं पाणी कमी आणि बीपी एरवीपेक्षा खाली. आणि झोपेतून उठून एकदम चालायला लागणं. गोळी एकटी दोषी होती असं मला वाटत नाही. चौघांनी मिळून त्यांना पाडलं असावं. उभं राहिल्यावर बीपी किती पडतं हे तेव्हा कोणी मोजलं होतं का? पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर आधी त्याची व्यवस्था करायची, मग औषध वाढवायचं. गर्दीच्या ओपीडीत हे राहून जातं. तुम्ही स्वतः सांगून करून घ्या, सत्तरीपुढच्या माणसाच्या बाबतीत ते मागणं तुमचा हक्क आहे.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नानांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, गुडघ्याची सुद्धा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या स्वतःच बीपी चढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. ती थांबली तर १६२ काही प्रमाणात आपोआप उतरू शकतं. रक्तात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, लघवीतली प्रथिनं आणि एक ईसीजी एवढं बघून घ्यावं. मग औषध एकच, कमी मात्रेत, सकाळी. बीपीची गोळी रात्रीच घ्यावी असं काही नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर झालेल्या ‘टाइम’ अभ्यासात २०२२ मध्ये सकाळ आणि रात्र यांत फरक दिसला नाही. मात्रा वाढवायची तर तीन-चार आठवड्यांनी, आणि दर वेळी उभं करून मोजून. अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी दिली आणि पाय सुजले तर घाबरून बंद न करता डॉक्टरांना सांगा. लघवीवाटे मीठ काढणारी गोळी दिली तर काही आठवड्यांत सोडियम तपासा. वयस्कर माणसात ते फार उतरलं की माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात.

ध्येय म्हणाल तर आधी वरचं १४० च्या आत. ते चक्कर न येता झेपलं तर १३० च्या आसपास. त्याहून खाली ओढायची घाई नको, नानांचं खालचं आधीच ७० आहे.

हे सगळं ठरण्याआधी दोघांचंही बीपी घरी नीट मोजा. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू काही नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. लोंबकळता हात आकडा वाढवतो, आणि मोजताना बोललं तरी वाढतो. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर सोडून. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्यावर जास्त येईल तोच हात पुढे धरा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीचं. दवाखान्यात चढलेलं बीपी घरी साधं निघालं असे पुष्कळ लोक मी पाहिलेत. उलटंही होतं.

ताई, आता तुमचं. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली आली तर औषध नको, वर्षातून दोनदा मोजत राहा. खालचं ८५ ते ९५ च्या मध्ये असेल, आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नसेल, तर तीन महिने मीठ, वजन, चालणं, झोप यांना द्या आणि पुन्हा मोजा. त्यानंतरही तसंच राहिलं तर गोळी सुरू करावी, कारण तुमच्यापुढे चाळीस वर्षं आहेत आणि तेवढी वर्षं वाढलेला दाब हृदय आणि मूत्रपिंड सोसत राहणार. डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगा: गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, झोपेत घोरता का, थायरॉइड शेवटचं कधी तपासलं. मूल होण्याची शक्यता अजून धरून असाल तर तेही आधी सांगा, टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलच्या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. आणि पाळी थांबल्यावर बायकांचं बीपी झपाट्याने चढतं, तेव्हा आत्ता लावलेली सवय पुढे कामाला येईल.

औषधाचं वय आणि आकड्याप्रमाणे म्हणाल तर मी असं धरते. वरचं १६० किंवा खालचं १०० च्या पुढे टिकून असेल तर वय कोणतंही असो, औषध. १४०/९० च्या पुढे आणि सोबत मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार, किंवा आधी पक्षाघात झालेला, तरी औषध, वाट न पाहता. हे आजार नसतील तर आधी तीन महिने. चाळिशीच्या आत बीपी बरंच वाढलं असेल तर गोळीआधी कारण शोधावं, मूत्रपिंड, त्याची रक्तवाहिनी, संप्रेरकं. ऐंशीपुढे, हिंडताफिरता माणूस असेल तर औषध जरूर द्यावं. अंथरुणाला खिळलेला, वारंवार पडणारा, काही आठवत नसलेला असेल तर १५० वर समाधान मानावं आणि त्याला सुखाने राहू द्यावं. परदेशातल्या काही संघटना १३०/८० लाच उच्च रक्तदाब म्हणू लागल्या आहेत. २०१५ च्या ‘स्प्रिंट’ अभ्यासात १२० च्या आत आणल्यावर मृत्यू कमी झाले हे खरं, पण तिथे बीपी यंत्राने, माणसाला शांत बसवून मोजलं होतं, आणि चक्कर, मूत्रपिंडाला इजा हे त्रासही त्याच गटात जास्त होते. आपल्याकडे अजून कितीतरी लोकांचं १४० च्या आतच आलेलं नाही. आधी ते करू या.

एक प्रसंग मात्र या सगळ्याला अपवाद आहे. बीपी १८०/१२० च्या वर आणि त्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात लुळा पडणं, नजर जाणं यातलं काहीही असेल तर सात दिवसांची सरासरी वगैरे काही बघू नका, सरळ रुग्णालयात. घरी जिभेखाली कुठलीही गोळी ठेवून बीपी झटकन पाडू नका, त्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

जन्माचं मागे लागतं का? बहुतेकांना औषध कायम लागतं, कारण गोळी बीपी उतरवते, कडक झालेली महाधमनी पुन्हा लवचीक करत नाही. पण मात्रा कायम तीच राहत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं की ती कमी होते. कडक उन्हाळ्यात काहींची काही महिने कमी करावी लागते. जुलाब-उलट्यांनी माणूस गळाला असेल तर काही गोळ्या दोन दिवस थांबवाव्याही लागतात. हे सगळं डॉक्टरांशी बोलून. गोळ्या महागही नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

मिठाबद्दल थोडंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, सगळ्या स्वयंपाकातलं मिळून. भाजी-आमटी अळणी करायला लागू नका, नाना दोन दिवसांत ताट बाजूला सारतील. ताटातलं वरचं मीठ, लोणचं, पापड, खर्डा आणि फरसाण यांच्यापासून सुरुवात करा. सैंधवही मीठच आहे. पित्तावर घेतलं जाणारं फसफसणारं चूर्णही सोडियमने भरलेलं असतं. बाजारातलं पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ मात्र मूत्रपिंड तपासल्याशिवाय नानांना देऊ नका.

नानांना समजावायचं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वाद घालू नका. पडल्यानंतर ते घाबरले आहेत, आणि त्या भीतीला कारण आहे. आधी तेच कबूल करा: ‘नाना, गोळी चुकीच्या वेळी, चुकीच्या सोबतीने घेतली गेली, तुमचं चुकलं नाही.’ पेटीच्या आतल्या भात्याचं सांगा. रात्री उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं हे ठरवून घ्या आणि मोरीपर्यंत एक बारीक दिवा लावून द्या, तो खर्च आजच करा. मग त्यांना यंत्र आणि दोनशे पानी वही द्या. आयुष्यभर मुलांचे गुण मांडलेला माणूस आहे. दुसऱ्याने सांगितलेला आकडा ते मानणार नाहीत, स्वतःच्या अक्षरातला मानतील. वहीत दोन रकाने आखा, एक त्यांचा, एक तुमचा. रोज संध्याकाळी फोनवर तुमचे आकडे त्यांना लिहून घ्यायला सांगा आणि आठवड्याने दोन्ही सरासऱ्या मला कळवा.